वाचकांचे प्रश्न : रेघांवर मागाहून चढलेला रंग

या वेळच्या टपालात चित्रकथांविषयीची बरीच पत्रे होती आणि त्यांतली सहा एकाच विषयाभोवती फिरत होती : काळ्या शाईत काढलेल्या गोष्टीला पुढे रंग दिला की वाचणाऱ्याच्या दृष्टीने नेमके काय बदलते. म्हणून या अंकात दुसरे विषय बाजूला ठेवून ही सहा पत्रे, थोडी आखडून, एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : शाळेच्या वयात काळ्या-पांढऱ्या चित्रांत वाचलेली एक मोठी चित्रकथा अलीकडे रंगीत आवृत्तीत पुन्हा वाचली. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून ताडून पाहिली, तर ना कोठे रेघ बदललेली आहे, ना शब्द. तरीही रंगीत पुस्तक निम्म्या वेळात संपले आणि पूर्वी काही पानांवर जी धडकी भरत असे ती एकदाही भरली नाही. हा रंगाचा परिणाम समजावा की माझ्या वाढलेल्या वयाचा?

उत्तर : वयाचा वाटा आहेच. शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीची पाने आपण भराभर उलटतो, आणि दारामागे कोण उभे आहे हे माहीत असले की त्या दाराचे भय उरत नाही. परंतु एवढे वजा केल्यावरही बरेच शिल्लक राहते, आणि त्याची कारणे आपल्या मनापेक्षा पानावरच अधिक शोधावीत, असे मला वाटते.

काळ्या-पांढऱ्या चित्रातला पांढरा म्हणजे कोरा कागद. छापील पानावर कागदाइतके उजळ दुसरे काहीही असू शकत नाही, कारण कोणतीही शाई कागदावर पडली की पान तेवढे गडदच होते; पिवळा रंगसुद्धा कागदापेक्षा काळसरच असतो. आता आपले पुस्तक कोणते ते पत्रात नाही, म्हणून एक चौकट कल्पून सांगतो. जिन्याच्या तळाशी एक माणूस उभा आहे. त्याचा कोट पूर्ण काळा आहे आणि त्याच्या पाठीमागचा अंधारही तितकाच काळा आहे. कोटाच्या खांद्याची रेघ चित्रकाराने काढलेलीच नाही. दिसतो तो फक्त चेहऱ्याचा अर्धा भाग, कॉलरची एक पांढरी कड, कठड्यावर टेकलेला हात आणि वरून आलेल्या उजेडातल्या तीन पायऱ्यांच्या कडा. खांदा आपणच पुरा करतो. माणूस कोठे संपतो आणि अंधार कोठे सुरू होतो हे ठरत नाही, आणि त्या चौकटीतली भीती नेमकी त्या न ठरलेल्या जागेत असते.

हेच पान रंगकाराच्या हाती गेले, की काळा भाग तसाच राहतो, कारण काळ्यावर काही चढत नाही. बदलतो तो पांढरा. चेहरा कातडीच्या रंगाचा होतो, हात तसाच होतो, पायऱ्या तपकिरी किंवा पिवळसर होतात आणि कॉलरलाही निळसर छटा येते. त्या चौकटीत कोरा कागद आता कोठेच उरलेला नसतो. सर्वांत उजळ वस्तू आता मधल्या छटेची असते, काळा आणि उजळ यांच्यातले अंतर कमी झालेले असते, आणि आधी जो काळा पोकळीसारखा वाटत होता तो आता काळ्या कोटाचा काळा रंग वाटू लागतो. अनेक रंगकार याच्याही पुढे जाऊन काळा भाग फोडतात, म्हणजे अंधाराला गडद निळा करतात आणि कोट काळा ठेवतात. मग खांदा स्वच्छ दिसतो. चौकट समजायला सोपी होते, आणि त्या माणसाची भीती वाटेनाशी होते. आपण म्हणता त्याप्रमाणे एक रेघही बदललेली नाही, हे खरेच आहे. न काढलेली एक रेघ मात्र आता दिसू लागली आहे.

वेगाचे कारण निराळे आहे. रंगांशिवाय काम करणारा चित्रकार वस्तूची हद्द, तिचा पोत, तिच्यावरचा उजेड आणि तिचे अंतर ही सगळी कामे एकाच शाईकडून करून घेतो. जवळची रेघ जाड, लांबची बारीक, कापडासाठी एका तऱ्हेच्या तिरप्या रेघा आणि दगडासाठी दुसऱ्या तऱ्हेच्या. वाचणाऱ्याला प्रत्येक चौकटीत क्षणभर थांबून पुढचे कोण, मागचे काय, हे सोडवून घ्यावे लागते. तो क्षण इतका छोटा असतो की लक्षातही येत नाही, पण शेकडो चौकटींचा हिशेब केला तर तो बराच होतो. रंग आला की नायकाचा लाल कोट प्रत्येक चौकटीत लाल असतो, डोळा चेहरा न वाचताच माणूस ओळखतो आणि पुढे सरकतो. चित्रकाराने ज्या चेहऱ्यावर आपल्याला रेंगाळायला लावले होते त्याच्यावरून आपण नुसते वळण घेऊन जातो.

यात डोळ्याच्या रचनेचाही भाग आहे. उजळ-गडद यांतला फरक आपल्याला फार बारकाईने दिसतो, रंगातला फरक मात्र त्या मानाने ढोबळ दिसतो. रंगीत दूरचित्रवाणीची प्रक्षेपणपद्धती याच गोष्टीवर उभी राहिली. तीत उजळपणाचा तपशील पूर्ण पाठवला जाई आणि रंगाचा तपशील कमी, तरी पाहणाऱ्याला काही उणे वाटत नसे. चित्रकथेच्या पानावरही तसेच घडते. बारकावे रेघ सांगते, रंग मात्र एकेका वस्तूचे भाग एकत्र बांधून ती चटकन समोर आणतो. दोघांचे म्हणणे एक असले तर पान खुलते. पण शाईच्या रेघांनी सावली उजवीकडे दाखवलेली असताना रंगकाराने संगणकावर छटा चढवून उजेड भलतीकडूनच आणला, किंवा जिथे तिरप्या रेघांनी सावली आधीच सांगितली आहे तिथे गडद रंगाने तीच पुन्हा सांगितली, तर गाल मळकट दिसतो आणि कपडे मेणाचे वाटतात. नंतर रंगवलेल्या पुस्तकांत मला सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच आहे.

भीतीविषयी आणखी एक. ‘द वॉकिंग डेड’ ही चालत्या प्रेतांची अमेरिकन चित्रकथा-मालिका 2003 ते 2019 पर्यंत काळ्या-पांढऱ्या आणि करड्या छटांत निघाली आणि 2020 च्या ऑक्टोबरपासून तिचे अंक डेव्ह मकेग यांच्या रंगांसह पुन्हा प्रसिद्ध होऊ लागले. अशा गोष्टीत शाईने दाखवलेले रक्त चिखलासारखेच, सावलीसारखेच काळे असते. हे रक्त आहे असे वाचणाऱ्याला स्वतःच ठरवावे लागते, आणि ते ठरण्याआधीचा उशीर फार भेदक असतो. लाल रंग तो उशीर पुसून टाकतो. त्याच्या बदल्यात पहाट, पानगळ, उजाड रस्त्यावरचा धुरकट उजेड असे पुष्कळ काही रंगीत पानावर येते जे शाईला सांगता येत नव्हते, हेही न्यायाने म्हटले पाहिजे.

एक प्रयोग करून पाहावा. रंगीत आवृत्तीतल्या एका पानाचा मोबाइलवर फोटो काढून त्यातला रंग काढून टाकावा आणि तो मूळ पानाशेजारी धरावा. रंग काढल्यावर जुने पान परत मिळत नाही, करडे पान मिळते. त्यात कोरा कागद किती उरला आहे हे पाहिले, की आपली धडकी कोठे गेली याचा बराचसा उलगडा होईल.

प्रश्न : मी चित्रकथा काढतो. शाईत पूर्ण झालेल्या माझ्या 24 पानांना रंग द्यावेत असे प्रकाशकांनी सुचवले आहे. संगणकावर रंग भरता येतात, पण सुरुवात कोठून करावी हे कळत नाही.

उत्तर : सुरुवात खोडण्यापासून करावी. आपली पाने रंग येणार नाहीत असे समजून काढलेली आहेत, त्यामुळे पुढे रंग जे काम करणार आहे ते रेघांनी आधीच करून ठेवलेले असणार. कोणत्या सावल्यांच्या रेघा ठेवायच्या आणि कोणत्या काढून तिथे सपाट रंग द्यायचा, याचा निर्णय पान-पान पाहून आधी घ्यावा. ठिपक्यांच्या छटा, म्हणजे स्क्रीनटोन, वापरले असतील तर ते शक्यतो काढूनच टाकावेत. रंगीत छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शायांचे ठिपके ठरावीक कोनांत बसवलेले असतात. त्यांत आपल्या ठिपक्यांची जाळी मिसळली की छापील पानावर लाटांसारखी नको असलेली नक्षी उमटते, आणि ती संगणकाच्या पडद्यावर बहुधा दिसत नाही. ती दिसते तेव्हा छपाई झालेली असते.

दुसरा प्रश्न कोऱ्या जागांचा. काळ्या-पांढऱ्या पानात पात्रामागे काहीच न काढणे चालून जाते, कारण ती जागा आकाश आहे की भिंत, असे कोणी विचारत नाही. रंग भरायला बसलात की ती जागा निळी की मातकट, हे ठरवावेच लागते, आणि त्याबरोबर वेळ कोणती, जागा घरातली की बाहेरची, हेही ठरते. यावर एक उपाय असा की प्रत्येक प्रसंगाला एकच मुख्य रंग नेमून पार्श्वभूमी त्या एका रंगात सपाट ठेवावी. त्यासाठी चोवीसही पाने पोस्टाच्या तिकिटाएवढी करून एका कागदावर मांडावीत आणि त्यावर आधी रंगांचे ढोबळ डाग देऊन पाहावेत. प्रसंग बदलतो तिथे रंग बदलतो का, आणि गोष्टीचा मोठा क्षण त्या तिकिटांच्या गर्दीत लांबून ओळखू येतो का, एवढेच तेथे पाहायचे. एखाद्या पानावर कोरा कागद मुद्दाम राखून ठेवावा. तो कोठे ठेवायचा हे एकदा ठरले की बाकीच्या रंगांची निवड पुष्कळ सोपी होते.

रात्र निळी करायची की नाही, असेही आपण विचारले आहे. अंधुक उजेडात डोळ्याची रंग ओळखण्याची शक्ती मंदावते आणि लाल वस्तू निळ्यांच्या मानाने लवकर काळवंडतात, त्यामुळे निळी रात्र हा संकेत अगदीच हवेतला नाही. तरी रात्रीची सगळी पाने एकसारखी निळी करू नयेत. शाईतल्या काळ्या रात्रीला निदान एक पान तरी जसेच्या तसे राहू द्यावे. आणि एक कारागिरीची गोष्ट : रंग रेघेच्या कडेपर्यंत आणून थांबवू नये, तो रेघेखाली थोडा सरकवावा. छपाईत शाया केसभर जरी सरकल्या तरी मग मधे पांढरी फट दिसत नाही.

हे सगळे फार वाटत असेल तर ‘टिनटिन’ या चित्रकथांचे बेल्जियन चित्रकार एर्जे यांचे उदाहरण पाहावे. त्यांच्या रेघेत सावल्यांचे ओझे जवळपास नव्हतेच, म्हणजे रंगासाठी ती जणू तयारच होती. तरीही 1942 पासून टिनटिनच्या जुन्या काळ्या-पांढऱ्या कथा रंगीत काढायच्या ठरल्या तेव्हा शंभराहून अधिक पानांची पुस्तके 62 पानांत बसवावी लागली, चौकटींची मांडणी नव्याने करावी लागली आणि कित्येक चित्रे पुन्हा काढावी लागली. या कामात काही काळ एडगर जेकब्स या चित्रकाराचे साहाय्य त्यांना होते. आज ज्यांना आपण रंगीत टिनटिन म्हणून ओळखतो त्यांतल्या त्या जुन्या गोष्टी नुसत्या रंगवलेल्या नाहीत, पुन्हा रचलेल्या आहेत. अगदी पहिली, सोव्हिएत रशियाची, गोष्ट मात्र एर्जे हयात असेपर्यंत काळी-पांढरीच राहिली आणि 2017 मध्ये तिला रंग मिळाले. प्रकाशक जेवढा वेळ देत असतील त्याच्या दुप्पट मागावा, असे मी म्हणेन.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी रंगीत चित्रांखेरीज पुस्तक हातातच घेत नाही. चांगल्या काळ्या-पांढऱ्या चित्रकथा तशाच पडून आहेत. तिला सवय कशी लावावी?

उत्तर : सवय लावू नये. रंगीत पुस्तकाने तिला चित्रकथा वाचायला शिकवले असेल तर त्याचे काम चोख झाले आहे. जेफ स्मिथ यांची ‘बोन’ ही कथा 1991 ते 2004 पर्यंत काळ्या-पांढऱ्या अंकांत निघाली आणि 2005 पासून स्टीव्ह हॅमेकर यांच्या रंगांत मुलांसाठी नव्याने प्रसिद्ध झाली. शाईतल्या मूळ पानांवर माझा जीव असला तरी ज्या मुलांनी ती रंगांतच वाचली त्यांचे काही बिघडले असे मला वाटत नाही. करायचेच असेल तर घरातल्या एखाद्या काळ्या-पांढऱ्या पानाची छायाप्रत काढून ती रंगांच्या पेटीसह तिच्यासमोर ठेवावी आणि आपण दुसऱ्या कामाला लागावे. थोड्याच वेळात ती विचारायला येईल की हा मुलगा धावतो आहे तेव्हा दुपार आहे की संध्याकाळ. उत्तर देऊ नये.

प्रश्न : मूळ चित्रकार हयात नसताना किंवा त्याला न विचारता त्याच्या कामाला रंग देणे योग्य आहे का? पैशांअभावी ज्यांनी काळ्या-पांढऱ्यात काम केले त्यांना रंग मिळाले असते तर त्यांनी ते घेतलेच असते, असा युक्तिवाद नेहमी ऐकायला मिळतो.

उत्तर : तो युक्तिवाद अर्धाच खरा आहे. एका शाईत छापणे स्वस्त पडते म्हणून असंख्य चित्रकथा एका शाईत निघाल्या, याविषयी दुमत नाही. पण चित्रकार पंधरा-वीस वर्षे एका शाईत काम करतो तेव्हा नाइलाजाने पत्करलेली ती गोष्ट त्याच्या हातात मुरते, तो त्या शाईतच विचार करू लागतो. सुरुवातीला पर्याय नव्हता एवढ्यावरून शेवटीही तो असमाधानीच होता, असे म्हणता येत नाही.

चित्रकाराने स्वतः रंग दिले की प्रश्न मिटतो असेही नाही. लुइस कॅरल यांच्या ‘अॅलिस’साठी जॉन टेनियल यांनी काढलेली 42 चित्रे लाकडी ठशांवर कोरून 1865 मध्ये काळ्या शाईत छापली गेली. पुढे अगदी लहान मुलांसाठी त्या कथेची सोपी आवृत्ती काढायची ठरली तेव्हा टेनियल यांनी त्यांतली वीस चित्रे मोठी करून रंगवली. 1889 मध्ये तिच्या दहा हजार प्रती छापून झाल्यावर कॅरल यांनी चित्रे फार भडक झाली आहेत म्हणून त्या नाकारल्या आणि आवृत्ती पुन्हा छापून 1890 मध्ये काढली. चित्रकार तोच, रंगही त्याचेच, तरी छापखान्यातून आलेले पान लेखकाला पसंत पडले नाही. याउलट ‘फ्रॉम हेल’ ही एडी कॅम्पबेल यांनी ओरखड्यांसारख्या काळ्या रेघांत काढलेली चित्रकथा त्यांनी स्वतःच वीसेक वर्षांनी, 2018 पासून, रंगांत पुन्हा सादर केली. मला तिच्या शाईच्या पानांतला काजळीचा अंधार अधिक खरा वाटतो, पण आपल्या चित्रांविषयी मत बदलण्याचा अधिकार चित्रकाराला असतोच.

हयात नसलेल्यांच्या बाबतीत माझी भूमिका एवढीच की रंगीत आवृत्ती निघाल्यावर मूळ आवृत्ती बाजारातून नाहीशी होता कामा नये, आणि रंगकाराचे नाव आतल्या पानावर बारीक अक्षरांत न देता मुखपृष्ठावर द्यावे. दुसऱ्या अटीमागे सौजन्य आहेच, पण मुख्य हेतू असा की वाचणाऱ्याला समोरचे पान दोन माणसांचे आहे हे कळावे. पानावरचा उजेड कोणी ठरवला हे माहीत असेल तर त्याविषयी तक्रारही योग्य माणसाकडे करता येते.

प्रश्न : जपानी चित्रकथा इतक्या लोकप्रिय असूनही आजवर काळ्या-पांढऱ्याच का?

उत्तर : मुख्यतः वेगामुळे. त्या आधी जाडजूड साप्ताहिकांत आणि मासिकांत, हलक्या कागदावर, हप्त्याहप्त्याने येतात, आणि आठवड्याला वीसेक पाने देणाऱ्या चित्रकाराला रंगासाठी सवड नसते. अंकाच्या आरंभीची मोजकी पाने रंगीत निघतात तेवढीच. या घाईतूनच त्यांच्या पानाची भाषा घडली. मोठ्या कोऱ्या जागा, वेगाच्या रेघा आणि ठिपक्यांच्या छटा यांमुळे डोळा पानावरून घसरत जावा अशीच ती मांडणी असते. कात्सुहिरो ओतोमो यांची ‘अकिरा’ 1982 ते 1990 या काळात अशीच निघाली. 1988 पासून तिची जी अमेरिकन आवृत्ती प्रसिद्ध झाली तिला स्टीव्ह ओलिफ यांनी संगणकावर रंग दिले, आणि पाने डावीकडून उजवीकडे वाचता यावीत म्हणून आरशातल्यासारखी उलटवली गेली. त्यामुळे त्या आवृत्तीतले उजव्या हाताचे लोक डावखुरे झाले. अलीकडे काही गाजलेल्या मालिकांच्या रंगीत डिजिटल आवृत्त्या जपानी प्रकाशकच काढतात. मोबाइलच्या पडद्यावर त्या बऱ्या दिसतात.

प्रश्न : मला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. एका आवडत्या गोष्टीच्या रंगीत आवृत्तीत दोन भावांमध्ये माझा सारखा गोंधळ होतो; एकाचा सदरा लाल आणि दुसऱ्याचा हिरवा आहे, असे मला सांगावे लागते. मूळ आवृत्ती वाचताना हा गोंधळ झाल्याचे आठवत नाही. असे का व्हावे?

उत्तर : आपल्यासारखे वाचक थोडेथोडके नाहीत, युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांत एकाला हा फरक कमी दिसतो. रंगकाराने दोन भावांसाठी सारख्याच उजळपणाचे लाल आणि हिरवे निवडले असावेत, आणि रंग वगळला तर ते दोन्ही एकाच करड्याचे आहेत. मूळ चित्रकाराला ही सोय नव्हती. दोन भाऊ वेगळे दिसावेत म्हणून त्याला शाईत काहीतरी करावेच लागले असणार. जुने पुस्तक हाताशी असेल तर एका भावाच्या सदऱ्यावर उभ्या रेघा आहेत का ते पाहावे. बहुधा असतील, आणि रंगीत आवृत्तीत, आता रंग आहे म्हणून, त्या पुसलेल्या असतील. तसे आढळले तर दोन्ही पानांचे फोटो प्रकाशकांना पाठवून पुढच्या मुद्रणात त्या रेघा परत बसवण्याची विनंती करावी. ते काम फार मोठे नाही.